तिकडचं सत्तेचाळीस

साखर कारखान्याच्या गव्हाणीत हंगामातली उसाची पहिली मोळी पडली, हे माळेगावात राहणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. ते नाकाला कळतं. मळीचा तो आंबूस, गोडसर, किंचित कुबट वास एका सकाळी घरात शिरतो आणि पुढचे चार-पाच महिने मुक्कामाला राहतो. मग रस्त्याचीही चाल बदलते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यामागं मुकाट निघालेल्या बैलगाड्या, डांबरावर चिरडलेली उसाची कांडी, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं.

यंदा तो वास आला आणि मी खुर्चीतून उठलो. कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. दारापर्यंत गेलो, परत आलो, बसलो, पुन्हा उठलो. फेब्रुवारीपासून हे असंच चाललं आहे. चहा अर्धा ठेवून उठतो. पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर उठतो. इंदापूरच्या शाळेत मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. ‘बसून वाचा’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो असेन तितकं दुसरं कुठलंच बोललो नसेन. आता माझंच बूड एका जागी ठरत नाही.

मागचा हंगाम माझ्या थोरल्या बहिणीचा होता. ताईचा.

ताई बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. लग्न तिनं केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारण्याची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. माझी बायको गेली, ताई निवृत्त झाली, आणि आम्ही दोघं म्हातारी भावंडं माळेगावच्या शेतातल्या या चार खोल्यांत पुन्हा लहानपणासारखी एकत्र राहू लागलो. ती मला ‘बाळू’ म्हणायची. अडुसष्टाव्या वर्षी मला बाळू म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ती एक पुस्तक लिहीत होती. नाव ठरलं होतं, ‘तिकडचं सत्तेचाळीस’. महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली, आणि सत्तेचाळीस साल म्हटलं की आपल्याला एकच दिवस आठवतो. पण त्या बारा महिन्यांत इंग्लंडातली साधी माणसं कशी जगत होती, काय खात होती, कशाला रडत होती, हे तिला मराठीत सांगायचं होतं. तिची एक जुनी विद्यार्थिनी तिकडे स्थायिक झालेली. ती तिथल्या वाचनालयातून जुन्या वर्तमानपत्रांच्या पानांचे फोटो काढून पाठवायची. ताई भिंग घेऊन ते वाचत बसायची.

तिची लिहायची रीत मात्र माझ्या ग्रंथपालकीत मी कुठं पाहिली नव्हती. प्रकरण लिहून झालं की ती ते दोन माणसांना वाचून दाखवायची. एक कौसाबाई, आमच्या दोन गाई सांभाळणारी. दुसरे शेजारचे बिरूतात्या. तात्यांचं घराणं मेंढक्यांचं. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली, मग विहिरी खोदल्या, आता त्यांचा अडीच एकर ऊस आहे आणि ते कारखान्याचे सभासद आहेत. रोज दुपारी चारला, धारा काढायच्या आधी, गोठ्याबाहेरच्या कट्ट्यावर बैठक बसायची. ताई वाचायची आणि ऐकणारे काय करतात ते समासात पेन्सिलीनं टिपायची. कौसा हसली. तात्यांनी तंबाखू मळणं थांबवलं. आणि जिथं कुणी उठून जाईल तिथं, अमुक उठला. नियम एकच होता. ज्या पानावर ऐकणारा उठला, ते पान गाळायचं.

मी दारात उभा राहून ऐकायचो. मला वाटायचं, विद्यापीठात शिकलेली बाई, आणि पुस्तकाचा निकाल गोठ्यावर लावतेय. पण निकाल चोख लागायचा.

त्या सालची थंडी ऐकताना तात्या दोन्ही गुडघे जवळ घेऊन बसले होते, हे मला अजून दिसतं. जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडायला लागला आणि आठवडेच्या आठवडे थांबलाच नाही. डोंगरउतारावरची लाखो मेंढरं त्याखाली गाडली गेली. मेंढके लांब काठ्या बर्फात खुपसून त्यांना शोधत फिरत होते.

“कुत्रं कुठं गेलं त्येंचं?” तात्यांनी मध्येच विचारलं.

“आहे की. पुढच्या ओळीत येतंय,” ताई म्हणाली.

“मग आधी कुत्रं घ्या, ताई. मेंढका आधी कुत्र्याला हाक मारतोय, मग काठी हुडकतोय.”

ताईनं तिथल्या तिथं ओळी खालीवर केल्या.

भाज्या जमिनीतच गोठल्या आणि त्या काढायला रस्ते फोडायची यंत्रं लावावी लागली, हे ऐकून कौसाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. “ब्रेकर लावून गाजरं काढली? आन् म्हनं आमच्यावर राज्य केलं!”

कोळसा खाणींच्या तोंडाशी अडकून पडला म्हणून तिकडच्या घरांची वीज सकाळी तीन तास आणि दुपारी दोन तास बंद असायची, हे ताईनं वाचलं, तेव्हा तर कौसाबाईला सहानुभूतीच वाटेना. “पाचच तास? लईच लाड की. आमी काय म्हनावं मग?” साखर रेशनवर होती म्हटल्यावर ती रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडं हात करून म्हणाली, “ताई, सांगायचं न्हाय व्हय? दोन पोती हितनं दिली असती.”

पण सगळं हसण्यावारी जायचं नाही. एकदा तात्यांनी सरळ विचारलं, “ताई, ह्येंनी आपल्याला लुटलं. आन् तुमी बसून त्येंच्या थंडीचं सांगताय. कशापायी?”

ताई म्हणाली, “लुटणारे मोठ्या घरांत राहत होते, तात्या. ही गाजरं उकरणारी माणसं आहेत.”

“घर येगळं आसंल. पर च्यात साखर आमच्याच जिवावर पडली की त्येंच्या बी.”

ताईनं पेन्सिल उचलली. मग तिनं समासात लिहिलं, तात्यांचं खरं आहे. पुढं त्या प्रकरणात एक नवा परिच्छेद आला. पुस्तकातला तो सर्वांत चांगला परिच्छेद आहे असं मला वाटतं.

त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तिकडच्या कोळशाच्या खाणी सरकारनं मालकांकडून घेतल्या. खाणीखाणीवर पाटी लागली की ही खाण आता जनतेच्या वतीनं चालवली जाते. खाणकामगार बायकापोरांना घेऊन पाटी बघायला आले, काही जण रडले. हे ऐकून तात्या म्हणाले, “म्हंजी आपल्या कारखान्यागत. सभासदांचा.” मग कारखान्याच्या धुराकडं बघत बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि म्हणाले, “पर पाटी लागली म्हंजी खालचं काम हलकं हुतंय का, ताई?”

ताईनं पान उलटलं. तिला याचं उत्तर शेवटच्या प्रकरणात द्यायचं होतं, हे मला नंतर कळलं.

ते शेवटचं प्रकरण तिनं त्या दोघांना वाचून दाखवलं नाही. मकरसंक्रांत होऊन चार दिवस झाले होते. तिनं मला आत बोलावलं. “हे आधी तुला वाचून दाखवते, बाळू. बस.”

प्रकरण पंधरा ऑगस्टचं होतं.

आमच्या घरात पंधरा ऑगस्ट म्हणजे नुसती शाळेची सुट्टी नव्हती. वडील, आमचे दादा, तेव्हा एकोणीस वर्षांचे. सायकलनं इंदापूरला जाऊन त्यांनी कचेरीसमोर झेंडा चढताना पाहिला होता. परतताना कुणीतरी हातावर ठेवलेला गुळाचा खडा त्यांनी न खाता रुमालात बांधून आजीसाठी आणला. पुढं जन्मभर ते त्या दिवशी आम्हाला समोर बसवायचे आणि प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. सांगायचं तेच, त्याच शब्दांत. माझ्या लेखी तो दिवस देशाचा होता, पण त्याहून अधिक वडिलांचा होता.

ताईच्या प्रकरणात त्या दिवसावर आपल्याकडची एक ओळ होती. दिल्लीत झेंडा चढला होता, एवढीच. बाकी सगळं प्रकरण इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका खाणगावाचं होतं. त्याच पंधरा ऑगस्टला, संध्याकाळच्या सुमाराला, समुद्राच्या तळाखाली गेलेल्या खाणीत स्फोट झाला. शंभराहून जास्त माणसं खाली राहिली. गावातल्या बाया कामाच्या कपड्यांतच खाणीच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या कुणाला हिंदुस्थान नावाचा देश त्या दिवशी मोकळा झाला हे ठाऊक असेल नसेल. इथं वाजत असलेल्या ढोलाचा आवाज त्यांच्यापर्यंत जाणार नव्हता, आणि त्यांचं उभं राहणं आपल्याला दिसणार नव्हतं.

इथपर्यंत ती वाचत आली आणि मी उठलो.

“ताई, हा आपला दिवस आहे,” मी म्हणालो. “त्यांच्या रडण्याला वर्षाचे बाकीचे दिवस नव्हते का?”

ती चष्मा काढून म्हणाली, “तो दिवस त्यांनी निवडला नव्हता रे.”

“मग तू तरी कशाला निवडतेस? दादांनी हे ऐकलं असतं तर?”

“दादांनी पूर्ण ऐकलं असतं,” ती म्हणाली.

मी पाण्याची मोटर बघायला म्हणून बाहेर पडलो. मोटर बंद होती. कॅनॉलच्या कडेनं उगाच लांबपर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा कागद दिसले नाहीत. त्यानंतर आम्ही सगळं बोललो. उसाची तोड कधी येणार, गाईचं खाणं, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, हरभऱ्यावरची अळी. ते प्रकरण सोडून सगळं. मला वाटत होतं, आहे वेळ, बोलू. तीन आठवड्यांनी, सकाळी आठच्या सुमाराला, हरभरा सोलता सोलता ती भिंतीला टेकली. वाटीतले दाणे सांडलेसुद्धा नाहीत.

त्या दिवशी रस्त्यावरचे ट्रॅक्टर नेहमीसारखेच चालले होते. कुणी गाणं बंद केलं नाही. करणार तरी कसं? त्यांना काय माहीत? पलीकडच्या वस्तीवर हळद होती, तिथला बँड सकाळी दहाला सुरू झाला. आम्ही ताईला घेऊन निघालो तेव्हा तो अगदी भरात होता. मला त्या वाजवणाऱ्यांचा संताप आला. आपल्या घरातलं माणूस गेलं की सगळ्या जगानं थांबावं असं वाटतं, आणि जग एका ट्रॉलीपुरतंही थांबत नाही. नरसिंहपूरला नीरा आणि भीमा मिळतात तिथं तिच्या अस्थी सोडल्या, तेव्हाही पलीकडच्या काठावर कुणाची तरी सहल आली होती आणि पोरी खिदळत होत्या.

तेरा दिवस बिरूतात्या रोज चारला यायचे. कट्ट्यावर बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. धारा निघाल्या की उठून जायचे. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांच्या बसण्याचंही ओझं वाटायचं.

आता पुन्हा मळीचा वास आला आहे, आणि त्याच आठवड्यात पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. पुस्तक छापायला ते तयार आहेत. संपादक भला माणूस आहे, हळू बोलतो. म्हणाला, “सर, पुस्तक फार चांगलं आहे. फक्त शेवटचं प्रकरण. ते गाळू या का? किंवा त्यात आपल्या स्वातंत्र्याचं वर्णन घालू या. तुम्ही लिहिलंत तरी चालेल. वाचक म्हणतील, आपल्या पंधरा ऑगस्टला यांचं रडणं कशाला?”

हे माझंच वाक्य होतं. जवळजवळ शब्दाला शब्द. मी म्हणालो, आठ दिवसांत कळवतो.

मग मी ताईच्या कपाटातून ते प्रकरण काढलं. मूळ, तिच्या हातचं. दहा महिने मी त्याला हात लावला नव्हता. संपादकांकडं गेली ती तिच्या विद्यार्थिनीनं टाइप केलेली प्रत होती. बाकी सगळ्या प्रकरणांचे समास पेन्सिलीनं भरलेले आहेत. या प्रकरणाचे समास कोरे होते. फक्त तिसऱ्या पानावर, फाटकाशी उभ्या राहिलेल्या बायांच्या ओळीशेजारी, बारीक अक्षरात दोन शब्द होते. बाळू उठला.

किती वेळ मी तो कागद धरून उभा होतो सांगता येत नाही. उभाच होतो, बसलो नाही. तिच्या नियमानं ते पान जायला हवं होतं. ती नियमाची पक्की होती. कौसाबाई उठली म्हणून तिनं राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावरची चार पानं फाडून टाकली होती, जी लिहायला तिला महिना लागला होता. मग हे पान का ठेवलं? मी कदाचित परत येऊन बसेन, अशी वाट पाहत होती का? की भावाचं उठणं तिनं धरलंच नाही? माणूस गेल्यावर असे प्रश्न नुसते घरभर फिरवतात. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून गोठ्याकडं.

आठातले सहा दिवस असे फिरण्यात गेले. सातव्या दिवशी चारला मी ते कागद घेऊन कट्ट्यावर गेलो. कौसाबाईला म्हणालो, तात्यांना हाक मार.

“तुमी वाचनार, अण्णा?” ती म्हणाली. “बसाय जमंल न्हवं? का हिंडत हिंडत वाचनार?”

“बघू.”

“बघू न्हाय. ताईच्या जागंवर बसनार आसाल तर नीट बसा.”

मी बसलो. वाचायला लागलो. माझा आवाज ताईसारखा नाही. मी सपाट वाचतो, आयुष्यभर मनात वाचत आलेल्या माणसासारखा. झेंड्याची एक ओळ झाली. मग खाण आली.

“किती खोल?” तात्यांनी विचारलं.

“समुद्राच्या तळाच्याही खाली.”

“वारं कसं जातंय मग खाली? आमी हिरीत आधी कंदील सोडायचो. कंदील इझला की मान्सानं उतरायचं न्हाय.”

मी पुढं वाचलं. स्फोट झाला. तिसरं पान आलं. समासातले ते दोन शब्द माझ्या अंगठ्याखाली होते. पाय आपोआप ताणले गेले, शपथेवर सांगतो. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून मी पुढची ओळ वाचली, आणि त्याच्या पुढची. हा मजकूर मी ऐकलाच नव्हता. फाटकाशी बाया दुसऱ्या दिवसापर्यंत उभ्या होत्या. दुपारी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, काळोखातून तीन माणसं आपल्या पायांनी चालत आली. तीनच. फाटकाशी शंभराहून जास्त घरांची माणसं होती, आणि त्या तिघांना बघून सगळ्यांना एकदमच हुंदका फुटला असेल, ज्यांचे आले त्यांना आणि ज्यांचे आले नाहीत त्यांनाही, असं ताईनं लिहिलं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं की पाटी जनतेची झाली होती, पण त्या दिवशी खाली गेलेली माणसं त्यांच्या त्यांच्या घरचीच होती.

वाचून संपलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. तात्यांच्या तळहातावर तंबाखू तशीच पडून होती.

“माजा थोरला भाऊ बेंदराच्या दिशी गेला,” ते म्हणाले.

शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं.

“हिरीचं काम चाललं व्हतं. सण व्हता, पर पाणी लागाय आलं व्हतं. थोरला म्हनला, एक सुरुंग उडाला न्हाय, त्येवडा बघून येतो, मंग बैलं रंगवू. दोर माज्या हातात व्हता.” ते थांबले. “खाली गेला आन् उडाला. गावात तवा बैलांची मिरवणूक निघाली व्हती. ढोल वाजत व्हता. आमी त्येला वर काढला तवर वाजत व्हता.”

“कुनी थांबवला न्हाय?” कौसाबाईनं विचारलं.

“कशाला थांबवावा? सण गावाचा व्हता. मला गावाचा राग आला न्हाय.” तात्यांनी तंबाखू दुसऱ्या हातावर घेतली, पुन्हा पहिल्या हातावर घेतली. “फकस्त वाटत व्हतं, त्यातलं एकानं यावं. काय बोलू नये. बसावं निस्तं. बास.”

तेरा दिवस रोज चारला कट्ट्यावर येऊन बसलेले तात्या मला आता दिसले.

कौसाबाईनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि माझ्या हातातल्या कागदाकडं बोट केलं. “ताई लिवायच्या की हितं पेन्सिलीनं. कोन उठलं, कोन हसलं.”

“हो.”

“मंग लिवा. कोनी उठलं न्हाय म्हनून लिवा.” गोठ्यात गाय हंबरली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, चार पावलं गेली आणि वळून म्हणाली, “आता उठले ती धारंसाठी. ती लिवू नगा.”

तात्या बसून राहिले. मी उद्या पुण्याला फोन करणार आहे. प्रकरण आहे तसं राहील. वडिलांच्या गुळाच्या खड्यावर मला लिहायचं असेल तर मी वेगळं लिहीन, ते ताईच्या पानावर चढवणार नाही.

खिशात तिच्याच पेन्सिलीचा तुकडा होता. तिसरं पान काढलं. तिच्या दोन शब्दांखाली जागा होती. तिथं मी लिहिलं, बसलो, ताई. पूर्ण ऐकलं.